नर्सिंग: थेट डिग्री की आधी डिप्लोमा? दोन्ही केलेल्याचं मत

मी आधी हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमधून तीन वर्षांचा डिप्लोमा केला, चार वर्षं ड्युटी केली आणि मग नोकरी सांभाळत ब्रिज कोर्स (डिप्लोमावाल्यांना डिग्रीपर्यंत नेणारा कोर्स) करून डिग्री घेतली. माझी मामेबहीण थेट युनिव्हर्सिटीत चार वर्षांच्या बॅचलर्सला गेली. त्यामुळे दोन्ही रस्त्यांवरचे खड्डे माहितीयत, एका रस्त्यावरचे स्वतः आपटून, दुसऱ्यावरचे चार वर्षं फोनवर ऐकून. सिलॅबसमध्ये काय असतं, रजिस्ट्रेशन कशाला लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालतो, तेच परत नाही लिहीत.

आधी डिप्लोमाबद्दल बोलतो, कारण हल्ली त्याची बाजू घ्यायला कोणी उभंच राहत नाही. लवकर कमवायला लागता हा मुद्दा उघड आहे आणि घरी गरज असेल तर बाकी सगळी चर्चा तिथेच संपते, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मला त्यातून जे मिळालं ते वेगळंच होतं. पहिल्या वर्षातच आम्ही वॉर्डात, बेडमेकिंग, स्पंजिंग, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), सगळं हाताखालून गेलेलं, आणि हात बसतो म्हणजे काय ते तिथे कळलं. एका नाईटला मी चार्टवर सगळ्या पेशंटचा श्वास मिनिटाला 20 लिहून मोकळा झालो (खरं सांगा, तुम्हीही लिहिलाय ना कधीतरी). सिनियर सिस्टर राऊंडला आल्या, एका आजोबांच्या पायथ्याशी नुसत्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य पुरं करू शकत नाहीयेत, तू 20 कसं लिहिलंस? मग त्यांनी दाखवलं, नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि पूर्ण मिनिटभर छाती मोजायची, कारण श्वास मोजताहेत हे पेशंटला कळलं की तो वेगळाच घ्यायला लागतो. 32 भरला. ही गोष्ट पुस्तकात आहेच, पण माझ्या डोक्यात ती पुस्तकातून नाही गेली.

आणि डिप्लोमावाला म्हणजे कच्चा असं समजू नका. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स व्हायला डिप्लोमावाले, दोन वर्षांची असोसिएट डिग्रीवाले आणि चार वर्षांचे बॅचलर्सवाले एकच लायसन्स परीक्षा देतात, एनक्लेक्स-आरएन. पेपर तोच, पास व्हायची रेषाही तीच. पेशंटला तर तुमच्या सर्टिफिकेटशी देणंघेणंच नसतं, त्याला सुई एका फटक्यात लागली पाहिजे.

आता मामेबहिणीची बाजू. तिचं पहिलं वर्ष बरंचसं फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि लिहिणं, लिहिणं, लिहिणं. एका पेशंटचा केअर प्लॅन चौदा पानं! मला फोटो पाठवला तेव्हा मी जाम हसलो होतो, म्हटलं तुझी पानं भरेपर्यंत तुझा पेशंट डिस्चार्ज होऊन घरी पोचेल. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तिने आधी पुतळ्याला घातला, पुतळ्याला दुखत नाही आणि तो लाजतही नाही, त्यामुळे खऱ्या बाईंना पहिल्यांदा घालताना तिचा हात थरथरला, हे तिनेच सांगितलं. मी मनात म्हटलं, बघ, मी सांगत होतो.

पण इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संस्थेने 2014 मध्ये सिम्युलेशनवरचा (पुतळ्यांवर वगैरे खऱ्यासारखा सराव) मोठा अभ्यास छापला, त्यात क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे, अर्ध्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले तरी शेवटी विद्यार्थ्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. शब्द महत्त्वाचा आहे, चांगल्या. कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक पुतळा म्हणजे सिम्युलेशन लॅब नव्हे. आणि डिग्री म्हणजे नुसती पुस्तकं हेही सगळीकडे खरं नाही, युरोपियन युनियनच्या नियमात जनरल नर्सच्या शिक्षणाला किमान 4,600 तास लागतात आणि त्यातले निम्मे तरी क्लिनिकल असावे लागतात. मामेबहिणीचा हात म्हणाल तर सहा महिन्यांत बसला. मला जे पहिल्या वर्षी आलं ते तिला तिसऱ्या वर्षी आलं, एवढाच काय तो फरक, आज आमच्या दोघांचं काम शेजारी शेजारी ठेवलं तर कोण कुठून शिकलंय ते ओळखू येणार नाही. निदान हाताच्या कामात तरी नाही.

डिग्रीवाल्या नर्स जास्त असल्या की पेशंट जास्त वाचतात असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते हवेतलं नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापला होता, बॅचलर्स झालेल्या नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की सर्जरीच्या पेशंटचा ॲडमिट झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी, असा संबंध त्यात दिसला. पण त्याच अभ्यासात प्रत्येक नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की तीच शक्यता 7 टक्क्यांनी वाढते असंही आहे, आणि हा अर्धा भाग कॉलेजवाले सांगत नाहीत. संबंध दिसला म्हणजे कागदामुळेच पेशंट वाचला असंही नाही होत. त्यामुळे नुसत्या या आकड्यावर मी कुणाला डिग्रीकडे ढकलणार नाही.

माझा निर्णय फिरला तो एका पेन्सिलीमुळे.

आमच्या वॉर्डाची ड्युटी लिस्ट इंचार्जच्या (वॉर्डाच्या मुख्य सिस्टरच्या) टेबलाच्या काचेखाली असायची. स्टाफची नावं निळ्या पेनाने, आणि त्यांच्याखाली आम्हा विद्यार्थ्यांची नावं पेन्सिलने. पेन्सिलने का, तर खोडता यावीत म्हणून. कुठल्या वॉर्डात दोन माणसं कमी पडली की सकाळी साडेसातच्या हँडओव्हरला इंचार्ज खोडरबर घ्यायच्या, आणि मी आज काय शिकणार होतो ते तिथेच पुसलं जायचं. त्यांचा दोष नव्हता हो, त्यांच्याकडे पस्तीस पेशंट आणि तीन माणसं असायची, त्यांनी तरी काय करायचं. पण माझी पीडियाट्रिकची, म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डाची पोस्टिंग कागदावर सहा आठवड्यांची होती आणि मी त्या वॉर्डात मोजून सोळा दिवस होतो. बाकीचे दिवस मेल मेडिकल या पुरुषांच्या वॉर्डात, जिथलं काम मला आधीच येत होतं, आणि येत होतं म्हणूनच तर पाठवायचे. लॉगबुकवर मात्र सहा आठवड्यांची सही रीतसर झाली. हे असं का करायचं म्हणून विचारलं की एकच उत्तर, आधी हातातलं उरक, मग सांगते. ते मग कधी आलंच नाही.

त्याचा हिशोब दोन वर्षांनी झाला. नोकरीला लागलो होतो, नाईट होती, जुलाबांनी सुकलेलं 12 किलोचं एक मूल आलं होतं, कमी पडलेलं पाणी सलाईनने भरून झालं होतं आणि आता मेंटेनन्स फ्लुइड, म्हणजे रोजच्या गरजेपुरतं सलाईन लावायचं होतं. गणित मला येत होतं, पहिल्या 10 किलोला किलोमागे 100 मिली, वरच्या 2 किलोला 50-50, म्हणजे दिवसाचे 1,100, तासाला साधारण 46. मायक्रो सेटला (बारीक थेंबांची सलाईनची नळी) 60 थेंबांचा एक मिली असतो, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, म्हणून मी घड्याळ बघत 46 थेंब बरोब्बर लावले आणि स्वतःवर खूश होऊन वळलो. बाजूच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ब्रदर, सेट कुठला लावलायत? मोठ्या माणसांचा होता, 20 थेंबांना एक मिलीवाला. म्हणजे पोराला तासाला 46 नाही, 138 मिली जात होतं, तिप्पट! दोन मिनिटंही झाली नसतील, लगेच बंद केलं, काही झालं नाही. पण माझे हात पुढचा तासभर गार होते. मी निष्काळजी होतो का, तर होतो, ते कुणावर ढकलत नाही. पण लहान मुलाला मायक्रो सेट मी शिकताना हातात किती वेळा धरला होता माहितीये, दोनदा. मेल मेडिकलमध्ये त्याचं काम काय!

हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाहीये, आणि नवीन तर मुळीच नाही. अमेरिकेत 1923 साली नर्सिंगच्या शिक्षणावर गोल्डमार्क रिपोर्ट आला त्यात हेच लिहिलंय, हॉस्पिटलच्या शाळा विद्यार्थिनींना शिकवण्यापेक्षा फुकटचे हात म्हणून वापरतात आणि वॉर्डाची गरज आणि शिक्षण यांची ओढाताण झाली की दरवेळी शिक्षणच हरतं. त्याच साली येल युनिव्हर्सिटीत नर्सिंगचं स्कूल निघालं, ते हॉस्पिटलच्या हुकमाखाली नसेल असं. नर्सिंग युनिव्हर्सिटीत नेण्यामागचं मोठं कारण हे होतं, नावापुढे अक्षरं लावायची हौस नाही. ब्रिटनमध्ये तर विद्यार्थ्याला वॉर्डातला जादा माणूसच धरायचं, स्टाफच्या संख्येत मोजायचं नाही, असा नियम आहे.

आणि मामेबहिणीची चार वर्षांची तक्रार काय होती माहितीये? दादा, वॉर्डात मला कोणी मोजतच नाही रे, मी असले काय, नसले काय. मी फोनवर काहीच बोललो नाही. तिचं पीडियाट्रिक आठ आठवड्यांचं होतं आणि आठ आठवडे झालं, एकदा वॉर्डाने तिच्या ग्रुपला दुसरीकडे पळवायचा प्रयत्न केला तर तिच्या मॅडमनी सरळ सगळ्यांना घेऊन लायब्ररीत नेऊन बसवलं. मॅडमचा पगार युनिव्हर्सिटी देत होती ना. आमच्या ट्यूटरचा पगार ज्या हॉस्पिटलकडून यायचा त्याच हॉस्पिटलला माणसं कमी पडत होती, ते बिचारे कुणाशी भांडणार?

आता तुम्ही म्हणाल, मग आधी डिप्लोमा आणि नंतर ब्रिज, दोन्हीचा फायदा. कागदावर छान दिसतं. मी केलंय म्हणून सांगतो, होतं, पण नाईट संपवून आठ वाजता घरी, दहाला क्लास, आणि क्लासमध्ये तीच हाडं आणि तेच स्नायू परत, कारण आधीचे बरेचसे विषय त्यांनी धरलेच नाहीत. रिसर्चचा पेपर मात्र मला मनापासून आवडला, आकडा समोर आला की त्याच्या पोटात काय आहे ते बघायची सवय तिथेच लागली, आणि वाईट याचं वाटलं की हे सात वर्षं आधी मिळायला हवं होतं. शिवाय नंतर करू म्हणणाऱ्या आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचं ते नंतर अजून आलेलं नाही, लग्न, मुलं, कर्ज, होतं असं. आणि दारं हळूहळू बंद होतायत हेही बघा. इंग्लंडमध्ये 2013 पासून नव्याने नर्स व्हायचं तर डिग्रीच लागते, न्यूयॉर्क राज्यात 2017 मध्ये कायदा झाला की नव्याने लायसन्स घेणाऱ्यांनी 10 वर्षांत बॅचलर्स पूर्ण करायचं. पुढे शिकवायचं असेल, मास्टर्स करायचं असेल, देश बदलायचा असेल तर हा प्रश्न कधी ना कधी समोर येणारच.

तरी माझं म्हणणं ब्रह्मवाक्य नाही. घरी पैशाची निकड असेल, किंवा जवळची युनिव्हर्सिटी अशी असेल की तिला स्वतःचं धड हॉस्पिटलच नाही आणि पोरं बसमध्ये दोन तास घालवून पोस्टिंगला जातात, तर चांगल्या मोठ्या हॉस्पिटलचा डिप्लोमा मला त्यापेक्षा बरा वाटतो, खरंच. आणि युनिव्हर्सिटीचं नाव लावूनही विद्यार्थ्यांना वॉर्डात राबवणाऱ्या जागा असतात, पाटी बघून फसू नका. पण दोन्ही बरोबरीच्या मिळत असतील आणि चार वर्षं निघणार असतील, तर मी आज थेट डिग्रीच्याच रांगेत उभा राहीन.

ॲडमिशनच्या आधी एक काम करा. कॅम्पस दाखवतील, लॅब दाखवतील, ते बघाच. पण मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घ्या, शिक्षक आसपास नसताना, आणि दोनच आकडे विचारा. पीडियाट्रिकची पोस्टिंग किती दिवसांची होती, आणि त्यातले किती दिवस तू खरंच पीडियाट्रिकमध्ये होतास. दुसरा आकडा सांगायच्या आधी तो हसला, तर पुढचं कॉलेज बघा.