शाळेतलं नाण्यावर चालणारं पॅड मशीन : किल्ली सांभाळणाऱ्या बाईंचं मत

भिंतीवर टांगायचा पांढरा पत्र्याचा डबा. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खालच्या कप्प्यात एक सॅनिटरी पॅड पडतं. आमच्या शाळेला हे मशीन देणगीत मिळालं, सोबत वापरलेली पॅड जाळायची छोटी भट्टीही. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. ‘मुलींचं काही असेल तर बाईंकडे’ या न्यायाने किल्ली माझ्याकडे आली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. इतरांची माहितीपत्रकंही पाहिली, रचना सगळ्यांची जवळपास तीच.

मशीन म्हणून वस्तू बरी आहे. वीज लागत नाही. पॅड एकावर एक रचायची, वर वजनाची पट्टी ठेवायची, झाकण लावायचं. फक्त पॅड एकाच जाडीची हवीत. कुणी हौसेने जाड पाकिटं आणून दिली आणि ती भरली, की मशीन आवळून बसतं. नाणं गिळतं, पॅड देत नाही. अशा वेळी मुलगी तक्रार करायला येत नाही, गुपचूप निघून जाते. मला कळतं ते संध्याकाळी नाणी आणि पॅड यांचा हिशेब जुळत नाही तेव्हा.

बसवणाऱ्याने ते स्टाफरूमसमोरच्या व्हरांड्यात ठोकलं, तिथली भिंत पक्की म्हणून. नाणं डब्यात पडल्याचा खणखणाट, त्यात सगळ्या सरांची ये-जा. आतली पॅड जशीच्या तशी राहिली आणि बैठकीत निघालं काय, तर ‘मुलींना गरजच नाही’! मुलींच्या स्वच्छतागृहात हलवून घेतल्यावर मात्र भरता भरता दमले. तिथे ओल येते, म्हणून वेष्टनातलीच पॅड भरा, सुटी भरू नका.

आता मूळ दोष. नाणं. ज्या मुलीच्या खिशात नाणं असतं, तिच्या दप्तरात बहुधा पॅडही असतं. घरी विसरली तर तिची सोय होते. पण जिच्या घरी महिन्याच्या खर्चात पॅड बसतच नाही, ती नाणं आणणार कुठून? आणि मिळून मिळणार एकच पॅड. ते चार ते सहा तासांनी बदलायचं असतं. म्हणजे शाळा कशीबशी निभते. रात्रीचं काय? दुसऱ्या दिवशीचं काय?

अशा मुली ओळखू येतात. जुन्या कापडाची घडी सरकते म्हणून खेळाच्या तासाला ‘पाय दुखतोय’. जागा शेवटच्या बाकावर. घंटा झाली तरी सगळ्या बाहेर पडेपर्यंत बसून राहायचं, मग उठताना हात मागे नेऊन बाकाची फळी चाचपायची.

आमचे गणिताचे सर वाचणारे आहेत. त्यांनी नेपाळमधल्या अभ्यासाचा दाखला दिला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलींना मासिक पाळीचे कप दिले (पॅडऐवजी शरीरात बसवायचे, धुऊन पुन्हा वापरायचे), बऱ्याच जणींनी वापरलेही, पण हजेरी काही वाढली नाही. मुळात पाळीमुळे बुडणारे दिवसच फार थोडे निघाले. अभ्यास खरा आहे, आणि पॅड वाटली की मुलींचं शाळा सोडणं थांबलं असं भाषण ठोकणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पोटात कळा येणाऱ्या मुलीचं दुखणं पॅडने थांबत नाही, हे मलाही मान्य. पण मी सरांना विचारलं, आपली हजेरी पहिल्या तासाला होते ना? मधल्या सुट्टीत डाग पडला म्हणून घरी गेलेली मुलगी तुमच्या पटावर हजरच असते. आणि गणित येत असूनही फळ्याजवळ यायला नकार देणारी कुठल्या रकान्यात लिहिता? सर हसले. पण पुढच्या महिन्याच्या पॅडांना पैसे दिले.

स्कॉटलंडने २०१८ पासून शाळा-कॉलेजांत ही साधनं फुकट दिली, २०२२ मध्ये तिथला त्याबद्दलचा कायदाही लागू झाला. न्यूझीलंडने २०२१ मध्ये सरकारी शाळांसाठी तेच केलं. नाण्याची भानगडच नाही. आम्हीही कारागिराकडून आतला नाण्याचा खटका काढून घेतला. आता नुसती मूठ फिरवली की पॅड मिळतं. ‘मुली लुटून नेतील’ म्हणणारे होतेच. सुरुवातीला भराभर संपली खरी, काहींनी घरी नेली. नेऊ देत, घरी मोठी बहीण असेल, आई असेल. पुढे खप आपोआप एका पातळीवर आला.

भट्टी मात्र घेऊ नका. पॅडमध्ये प्लास्टिकचा थर असतो, पाणी शोषणारी रसायनं असतात. एवढ्याशा आचेवर ते धड जळत नाही, धूर आणि वास तेवढा कोंडतो. मावशींनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, ‘बाई, हे मी पेटवणार नाही.’ त्यांचं बरोबर होतं. पायाने उघडणारी झाकणाची बादली ठेवली, शेजारी गुंडाळायला जुन्या कागदांचा गठ्ठा. त्यापेक्षाही कामाची निघाली ती दाराला नवी बसवलेली कडी. आधी एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. पॅड हातात असूनही दिवसभर न बदलणाऱ्या मुली या दारामुळेच होत्या.

तेव्हा मशीनला पाचपैकी तीन, तेही खटका काढल्यावर. भट्टीला शून्य. घेणार असाल तर बिनानाण्याचं चालतं का, हे आधी विचारा. मशीनच्या आधी कडी आणि नळ बघा. आणि दुसरी किल्ली मागून घ्या. आम्हाला एकच मिळाली आहे, त्यामुळे मी रजेवर असले की मशीनही रजेवर.