भुसावळहून असीरगड-बुऱ्हाणपूर टूर: गाइड एक नंबर, जेवण जेमतेम

फक्त गाइडसाठी पण पैसे वसूल. नर्मदा आणि तापीच्या मधली सातपुड्यातली वाट या गडाच्या नजरेखाली, म्हणजे उत्तरेतून दख्खनमधे उतरायचं तर आधी असीरगड घ्या, हे त्याने वरून हात करून दाखवलं तेव्हा खरं डोक्यात बसलं, अकबराला पण वेढा घालून बसावं लागलं, १६०१ ला गड पडला न आपल्या खान्देशची फारुकी सल्तनत संपली, नाव पण बदलून दानदेश केलं, शहजादा दानियालवरून! बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख नक्की बघा. कुंडी भंडारा (मुघलांच्या काळातली जमिनीखालची पाणीपुरवठ्याची व्यवस्था) मात्र घाईत उरकला, तिथे अजून वेळ पाहिजे होता. शेवभाजीत नुसतं तेल, घरूनच कळण्याची भाकरी न ठेचा न्या.