टेक्सासमध्ये हॉग डॉग घेताय? पेनमधला (कुंपण घातलेल्या छोट्या आवारातला) डेमो बघून पैसे देऊ नका

टेक्सासमध्ये आपल्या ज्या लोकांनी शहराबाहेर जमीन घेतलीये त्यांच्यासाठी लिहितोय. रानडुकरांचा त्रास सगळ्यांनाच आहे आणि हॉग डॉग, म्हणजे रानडुक्कर शोधून अडवणारे कुत्रे, विकणारे हे बरोबर ओळखून असतात. गावाकडे रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, इथे तसं काही नाही, २०१९ पासून तर खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की हंटिंग लायसन पण लागत नाही. आमचं कुरण डुकरांनी एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखं उकरून टाकलं होतं, म्हणून मी आणि शेजारच्या रँचवाल्याने मिळून एक ब्लॅक माऊथ कर जातीचा कुत्रा घेतला.

विकणारा म्हणाला एकदम फिनिश्ड डॉग आहे, म्हणजे पूर्ण तयार, ग्रिट बघाच तुम्ही, २५०० डॉलर. त्याच्या पेनमध्ये डुक्कर सोडलं आणि कुत्रा असा काही त्वेषाने अंगावर गेला की बघतच राहावं, मग त्याने छातीवरचे जुने व्रण दाखवले, फोनवर जंगलातला व्हिडिओ दाखवला, झालं, व्यवहार पक्का.

आमच्याकडे सोडला तेव्हा डुक्कर शोधलं, दोन मिनिटं भुंकला, डुक्कर बे (कुत्र्याने भुंकून अडवून धरणं) तोडून झाडीत पळालं आणि हा, कॉलरच्या जीपीएसवर दिसलं, सरळ गाडीकडे परत. नंतरही दर वेळी तेच.

इथले जुने शिकारी ग्रिट आणि बॉटम वेगळं धरतात आणि सगळी फसवणूक ह्या फरकावरच चालते. ग्रिट म्हणजे डुकरासमोर उभं राहायची, वेळ आली तर भिडायची हिंमत. बॉटम म्हणजे डुक्कर पळालं, ओढ्यातून गेलं, काट्यात घुसलं, उकाडा आहे, जवळ माणूस नाही, तरी मागे लागून ते परत अडवायचं आणि आपण पोचेपर्यंत तिथेच भुंकत राहायचं. पेनमध्ये डुकराला पळायला जागाच नाही, मग बॉटम दिसणार कुठून? त्यात ते डुक्कर रोज कुत्री बघून सरावलेलं, आणि सुळे कापलेले, हे आम्हाला त्या विकणाऱ्याकडून आधी कुत्रा घेतलेल्या एकाने नंतर सांगितलं.

लुइझियानात विनफिल्डला १९९५ पासून हॉग डॉग ट्रायल्स होतात, त्याही पेनमध्येच, पण तिथे डुक्कर अडवून धरण्याला मार्क असतात आणि कुत्र्याने पकडलं तर मार्क जातात. म्हणजे पेनमध्येसुद्धा नुसतं अंगावर जाणं म्हणजे सगळं नाही, ते काम कॅच डॉगचं, म्हणजे डुक्कर तोंडात पकडून ठेवणाऱ्या कुत्र्याचं.

व्रणांचं पण तसंच. व्रण म्हणजे कुत्र्याला लागलं होतं एवढंच, तो किती वेळ टिकला ते त्यातून कळत नाही. चांगला बे डॉग, म्हणजे भुंकून अडवणारा कुत्रा, थोडं अंतर राखून काम करतो, फार रफ असला तर व्हेटकडेच पडून राहतो. आणि तो व्हिडिओ नीट आवाज लावून ऐकला तर आधी भुंकणारा कुत्रा वेगळाच, एक कॅटाहुला जातीचा, आमचा मागून येऊन सामील झालेला. ह्याला इथे मी-टू डॉग म्हणतात. दुसऱ्याने शोधायचं, ह्याने आवाज करायचा.

तक्रार केली तर उत्तर काय, "पेनमध्ये चालला ना?" कागदावर 'आहे तसा' विकला असं लिहिलेलं, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. माणूस गोड बोलतो, पण ही सरळसरळ लबाडी आहे.

म्हणून घ्यायच्या आधी कुत्रा त्याने कधी न पाहिलेल्या जमिनीवर एकटा सोडायला लावा, सोबत दुसरा कुत्रा नको. कॉलरचा ट्रॅक तुमच्या हातातल्या जीपीएसवर बघा, विकणाऱ्याच्या स्क्रीनशॉटवर नाही. पहिली बे तुटल्यावर कुत्रा कुठल्या दिशेला वळतो तेवढं बघा, आणि तेव्हा हाका मारून प्रोत्साहन देऊ नका, विकणाऱ्यालाही देऊ देऊ नका. ट्रायलचे दिवस आणि परतीची अट कागदावर सहीसकट घ्या. ह्यातल्या कशालाही तो नाही म्हणाला तर तिथून निघा, कुत्रा कितीही देखणा असू दे.