जहाजावरची टेक परिषद: माझे १,१२,७०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायचं धाडस करायला मला तीन आठवडे लागले. सासूबाईंना अजून पूर्ण आकडा माहीत नाही. पण परवा बाणेरच्या मैत्रिणीला जहाजावरच्या त्या खोट्या परिषदेची तीच जाहिरात आली, फक्त जहाज सुटायची तारीख बदललेली, आणि मग मला गप्प बसवेना.

आधी हिशोब. माणशी ४२,५००, वर १८ टक्के जीएसटी ७,६५०, म्हणजे ५०,१५०. मी आणि माझी भाची, दोघींचे १,००,३००. आठवड्याने 'पोर्ट चार्जेस आणि टिप' म्हणून माणशी ६,२००, म्हणजे आणखी १२,४००. एकूण १,१२,७००. त्यातले भाचीचे ५६,३५० ताईने आणि भाऊजींनी तिच्या इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून दिले होते. माझ्या शब्दावर दिले.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघायचं, गोवा करून परत, तीन रात्री. दिवसा एआय आणि ऑटोमेशनवरची सत्रं, संध्याकाळी कंपन्यांच्या भरती करणाऱ्या लोकांशी गाठीभेटी. ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. हिंजवडीतली अर्धी टीम एका दुपारी घरी बसली. चाळिशीनंतर पोर्टलवर अर्ज टाकून कुणी फोन करत नाही, ओळख लागते. म्हणून मी जाणार होते. समुद्राची हौस म्हणून नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण 'जहाजावर मजा करायला निघाली होती' हे मी आता बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

आणि कल्पना काही अशक्य नव्हती. माहितीपत्रकात लिहिलं होतं की २००० साली पर्ल भाषेच्या प्रोग्रामरांची अशी परिषद जहाजावर अलास्काच्या सफरीत झाली होती. मी शोधून पाहिलं, खरं निघालं. तिथेच माझा विश्वास बसला. एक गोष्ट खरी निघाली की बाकीचंही आपण खरं धरून चालतो. वक्त्यांचे फोटो खरे, हुद्दे खरे. त्यातल्या एकांना आता मेसेज केला तर दोन तासांत उत्तर आलं, 'मला कुणी विचारलेलंच नाही.' हा मेसेज पैसे भरण्याआधी करायचा असतो. कुठल्याही परिषदेचे पैसे भरण्याआधी निदान दोन वक्त्यांना विचारा.

आता ती रात्र. पावणेदहा वाजले होते, गॅसवर दूध होतं. सवलत बारा वाजता संपणार म्हणून परिषदेचं बुकिंग घेणाऱ्या माणसाचे तीन फोन येऊन गेले होते. कार्डने भरते म्हटलं तर म्हणाला, 'मॅडम, कार्डवर ३ टक्के जास्त लागतील, एनईएफटी करा.' तीन टक्के म्हणजे ३,००९ रुपये. मी बँकेच्या ॲपमध्ये खाते क्रमांक टाकला. खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना सक्तीची केली आहे, ती नेमकी याचसाठी. स्क्रीनवर नाव आलं. परिषदेच्या कंपनीचं नाही. भलत्याच कुणाचं तरी, आणि शेवटी 'ट्रेडर्स'.

मी ते वाचलं. वाचलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी त्याला फोन केला, तो शांतपणे म्हणाला, 'आमचंच दुसरं फर्म आहे मॅडम, जीएसटीसाठी तिकडून बिलिंग करतो.' दूध उतू गेलं, मी गॅस बंद केला आणि ओटीपी टाकला. सतरा वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. पडद्यावर अपेक्षित नाव एक आणि आलेलं दुसरं, एवढ्यावर मी लोकांची रिलीज थांबवलेली आहेत. रोज रात्री ते 'ट्रेडर्स' डोळ्यांपुढे येतं.

बिलही आलं होतं, म्हणून निश्चिंत होते. त्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड' असं लिहिलेलं. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीचं असेल तर 'सी' असतं, व्यक्तीचं असेल तर 'पी'. माझ्या बिलावर 'पी' होतं. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कुणाचाही क्रमांक तपासता येतो. दोन मिनिटांचं काम.

निघायच्या चार दिवस आधी वेब चेक-इनसाठी बुकिंग नंबर मागितला, तर त्याचा फोन बंद. मग थेट जहाजाच्या कंपनीला फोन केला. असा ग्रुपच नाही. त्याने पाठवलेल्या आमच्या पासवर बाराव्या डेकवरची, म्हणजे मजल्यावरची, केबिन होती. त्या डेकवर पोहण्याचा तलाव आणि रेस्टॉरंट आहे, खोल्याच नाहीत, हे त्यांच्या साइटवरच्या नकाशात दिसतं. बुकिंग नंबर मूळ कंपनीच्या साइटवर चालतोय का ते पैसे भरल्याच्या दिवशीच बघा. पोर्ट चार्जेस आणि टिप खऱ्या क्रूझवरही वेगळे घेतात, म्हणून दुसऱ्या वेळी पैसे मागितले तेव्हाही मला शंका आली नाही.

पुढचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला चाळीस मिनिटांनी फोन लागला. तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात, नंतर ते चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला, ही अनधिकृत उलाढाल नाही. समोरच्या खात्याबद्दल एक अक्षर सांगणार नाही. कार्डने भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून निदान दाद मागता आली असती.

आणि पोलीस ठाणं! एका ठाण्यात म्हणाले, तुम्ही राहता तिकडे जा. दुसऱ्यात म्हणाले, जहाज मुंबईचं, मुंबईला जा. मी म्हटलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. तर साहेब म्हणाले, 'बाई, वकील आहात का?' अडीच तास लाकडी बाकावर बसून होते. शेजारी एक आजोबा, त्यांचे वीज बिलाच्या लिंकवर ८४,००० गेलेले. त्यांनाही उद्या या. लेखी अर्जावर शिक्का मारून पोच द्यायला काय लागतं? तीही चौथ्या खेपेला मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या खात्यात २,१४० रुपये गोठवलेत म्हणे, तेही मिळवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं.

ताई काही बोलली नाही. भाची म्हणाली, 'मावशी, जाऊ दे.' तिच्या फीचा हप्ता मी माझी एफडी मोडून भरला.

वाकड, औंध, कोथरूडमधले आणखी पाच जण सापडलेत, सगळ्यांचे पैसे त्याच 'ट्रेडर्स'मध्ये गेलेले. सोमवारी साडेदहाला आम्ही सहाही जण स्टेटमेंट, ती बिलं आणि १९३० चे तक्रार क्रमांक घेऊन एकत्र ठाण्यात जाणार आहोत. तुमचेही गेले असतील तर कागद घेऊन या.