तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय: काचेच्या पेट्यांपलीकडचा मराठी ठेवा

तंजावरला जाणारा बहुतेक मराठी प्रवासी बृहदीश्वर मंदिरात अर्धा दिवस घालवतो, राजवाड्यातील चोळकालीन कांस्यमूर्ती पाहतो आणि त्याच आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयाला वीस मिनिटे देऊन पुढच्या गावाला निघतो. पहिल्या खेपेस मीही तसेच केले होते. दुसऱ्या खेपेस दोन पूर्ण दिवस केवळ या ग्रंथालयासाठी राखून ठेवले. दुर्मीळ ग्रंथांचे संग्रहालय म्हणून या जागेची महती पुष्कळांनी सांगितली आहे. मराठी वाचकाने तिथे काय शोधावे, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

ग्रंथसंग्रहाची सुरुवात मराठ्यांपूर्वी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातली. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि संग्रह त्यांच्या घराण्याकडे आला. त्याला आजचे रूप मिळाले ते १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला; राजांकडे किल्ला, त्याचा परिसर आणि तनखा एवढेच उरले. ज्या वयात दुसरा एखादा राजा गेलेल्या सत्तेचे दुःख करीत बसला असता, त्या वयात सरफोजींनी युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ मागवले, पंडितांकडून पोथ्यांच्या नकला करवून घेतल्या आणि १८२० साली मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले, तेव्हा तिथूनही हस्तलिखिते गोळा करून आणली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबरने, हे राजे लाव्हाझिए आणि लिनियस या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतात, अशी नोंद करून ठेवली आहे.

प्रवाशांसाठी खुले असलेले संग्रहालय लहान आहे. काचेच्या पेट्यांमध्ये ताडपत्रांवरील आणि कागदावरील सचित्र पोथ्या मांडलेल्या आहेत आणि भिंतींवर जुनी छापील चित्रे लावलेली आहेत. चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार शार्ल लब्रुं याची, माणसांचे चेहरे आणि पशुपक्ष्यांचे चेहरे शेजारीशेजारी ठेवून त्यांतले साम्य दाखवणारी चित्रे येथे आहेत. गर्दी बहुधा त्यांच्यापुढे आणि चीनमधील शिक्षांच्या रंगीत चित्रांपुढे जमते. लब्रुंची चित्रे पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही, पण मी अधिक वेळ ताडपत्रांपाशी थांबलो. लोखंडी लेखणीने पानावर अक्षर कोरायचे, मग त्यावर काजळी चोळायची, म्हणजे कोरलेल्या रेघेत काळे राहते आणि बाकीचे पान पुसून स्वच्छ होते. हे पुस्तकात वाचलेले असले तरी करंगळीएवढ्या रुंदीच्या पानावर एका ओळीखाली एक अशी बारीक अक्षरे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या लेखकाच्या हातांचा आणि डोळ्यांचा विचार मनातून जात नाही.

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. सरफोजीराजांनी वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभारला होता. डोळ्यांच्या रुग्णांची त्या काळी लिहून ठेवलेली टिपणे, दुखऱ्या डोळ्याच्या रंगीत चित्रांसह, या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. रोगी कोण, तक्रार काय, उपचार कोणता केला आणि गुण किती आला, हे क्रमाने नोंदवण्याची शिस्त दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या दरबारात होती. माझ्या मते संग्रहातील सर्वांत मौल्यवान कागद हेच आहेत, कारण त्यांत राजाच्या हौसेचे पुढे सेवेत कसे रूपांतर झाले ते दिसते.

पण खरा ठेवा आतल्या दालनांत आहे. सुमारे ४९,००० हस्तलिखितांपैकी फार मोठा भाग संस्कृतचा असून मराठी हस्तलिखिते ३,००० हून अधिक आहेत, आणि मोडी कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांशिवाय वेगळे आहेत. महाराष्ट्राच्या शाळेत आपण मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून शिकतो. तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक त्याच्या सव्वाशे वर्षांहून अधिक आधीचे आहे. तंजावरची नाटके दरबारापुरती राहिली आणि त्यांची परंपरा उत्तरेकडे पोहोचली नाही, हे खरे. तरीही मराठी नाटकाचा इतिहास सांगताना तंजावरला तळटीपेत ठेवणे मला योग्य वाटत नाही. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ आणि मराठीत ‘नरकवर्णन’ रचले. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर भविष्य सांगणारी भटकी स्त्री, म्हणजे कुरवंजी, जगाचा भूगोल सांगते. या पात्रावरूनच नाव पडलेला कुरवंजी हा मुळात तमिळ नाट्यप्रकार, त्यात भाषा मराठी आणि विषय युरोपीय नकाशांतून आलेला. तीन संस्कृतींची अशी सहज गाठ दुसऱ्या कुठल्या मराठी ग्रंथात पडलेली मी पाहिलेली नाही. काशी, प्रयाग आणि गया यांच्या यात्रेवर लावण्या रचल्या गेल्या, त्याही येथेच जपल्या आहेत. लावणी म्हटले की आपल्याला फड आठवतो. तीर्थयात्रेच्या वर्णनाला तीच चाल लावलेली पाहून मला या दूरच्या मराठीविषयी विलक्षण आपुलकी वाटली.

राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखानाही होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ १८२८ साली आली, हे लक्षात घेतले म्हणजे तंजावरचे महत्त्व कळते.

ही हस्तलिखिते पाहण्यासाठी अभ्यासकाने आपला विषय ठरवून, सूचीतून पोथीचे नाव निश्चित करून, आगाऊ लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती अट रास्तच आहे. संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची आर्थर बर्नेल या न्यायाधीशाने तयार केली व ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले ते १९१८ साली. एवढी वर्षे पाने टिकली ती निगराणीमुळे: ताडपत्रांना गवती चहाच्या जातीच्या तेलाचा हात, आणि कपाटांत वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांच्या पुरचुंड्या. आपल्या आजीच्या डब्यातले जिन्नस इथे ग्रंथरक्षणाच्या कामी आले आहेत. रुमालांची अडचण वेगळी आहे. कागद समोर आला तरी मोडी वाचता आली पाहिजे, आणि मोडी वाचणारे आता फार थोडे उरले आहेत. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मोडीचे वर्ग चालतात. तिथे शिकणाऱ्या तरुणांनी पेशवे दप्तराबरोबर तंजावरकडेही पाहावे, असे मला मनापासून वाटते. या कागदांत दरबारचा हिशेब, नेमणुका, देवस्थानांचा खर्च असे रोजचे व्यवहार आहेत आणि तंजावरच्या मराठी समाजाचे जगणे त्यांतूनच कळणार आहे.

ज्यांना आत जायचे नाही, त्यांनी प्रकाशन विभाग चुकवू नये. ग्रंथालयाने आपल्या पोथ्या अनेक वर्षांपासून छापून प्रसिद्ध केल्या आहेत. गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांवरील सचित्र ग्रंथ त्यांत आहेत, आणि सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याशी निगडित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही आहे. सांबार तंजावरच्या मराठ्यांनी शोधल्याची कथा आपण सगळेच ऐकतो. तिच्या खरेखोटेपणात अडकण्यापेक्षा हे पाकशास्त्र उघडून पाहावे. दरबारात खरोखर काय शिजत होते याचा लेखी पुरावा तिथे आहे. कोणती पुस्तके शिल्लक असतील ते त्या त्या वेळेवर अवलंबून असते, म्हणून नावांची यादी बरोबर न्यावी.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लब्रुंच्या चित्रांपासून सुरुवात करावी आणि तिथून त्यांना ताडपत्रांकडे वळवावे. संशोधन करणाऱ्यांनी किमान आठवडा हाताशी ठेवावा. बाकीच्यांनी सकाळचा वेळ इथे घालवून दुपार कलल्यावर बृहदीश्वराकडे जावे. तिथे सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. तो शिलालेख देवनागरीत असल्याने आपल्याला थेट वाचता येतो. राजवाड्यातील पोथ्या डोळ्यांपुढे ताज्या असताना तो शिलालेख ओळीमागून ओळ बोट फिरवत वाचला, तेव्हा शेजारून जाणाऱ्या एका तमिळ कुटुंबाने थांबून अर्थ विचारला, आणि पहिल्या काही ओळी मी त्यांना जमेल तशा इंग्रजीत समजावून सांगितल्या.