विणताना धागे धरायला बोटात घालायची रिंग, सहा महिने वापरल्यावर

सोलापुरात बसून लोकर विणते म्हटलं की लोक आधी हसतात, पण भाची नाशिकला असते आणि तिच्या बाळाला दोन रंगांचं नक्षीचं टोपरं हवं होतं, म्हणून ऑगस्टमध्ये ही प्लॅस्टिकची रिंग ऑनलाइन मागवली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटात घालायची, दोन खाचा, एकेका खाचेत एकेक रंग, म्हणजे दर दोन-चार टाक्यांनी हा धागा सोड तो उचल हे वाचतं.

पहिले पंधरा दिवस नुसती चिडचिड. आईनं, मावशीनं शिकवलेलं म्हणजे उजव्या हातानं धागा सुईवरून फिरवायचा, आणि ही रिंग आहे धागा डाव्या हातात धरून सुईच्या टोकानं ओढून घेणाऱ्यांसाठी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मग आधी एका रंगाचा अख्खा मफलर डाव्या हातानं विणला, हात बसला, तेव्हा कुठं रिंग कामाची वाटली. उलट टाके अजूनही रडत-खडत, त्यामुळं टोपरं गोल सुईवरच, तिथं काम न उलटवता गोल-गोल विणायचं, म्हणून सगळं सुलटच.

खरी गंमत पुढं झाली. एकदा जेवायला उठले, रिंग काढली, परत घालताना धागे अदलाबदल झाले आणि मला पत्ताच नाही. शेजारचे काका, उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, गेलेलं, लांबूनच म्हणाले, "इथनं पुढं पांढरं दबलंय की गं." बघते तर खरंच, निळ्यावरची पांढरी फुलं फिकी. मागच्या बाजूला जो धागा खालून जातो त्याचा टाका किंचित मोठा होतो, तोच रंग उठून दिसतो. आठ ओळी उसवल्या. आता फुलांच्या रंगाच्या खाचेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय.

जो रंग कमी लागतो तो सैल पडून लोंबतो, त्याला करंगळीवर एक वेढा जास्त देते. मागं मोकळा राहिलेला धागा लोंबू नये म्हणून दोन धागे एकमेकांत अडकवायला मात्र रिंग आडवी येते, शेवटी धागे वेगळे ठेवणं हेच तिचं काम ना, म्हणून पाचपेक्षा जास्त टाके मागं धागा मोकळा राहील असली डिझाइनच घेत नाही. माप एकच येतं. आपल्या इथल्या ऑक्टोबरात बोट घामेजून ती गरागरा फिरायची, आत चिकटपट्टी लावली तेव्हा थांबली.

तारेच्या वेटोळ्याची पण एक घेतली होती, तिच्यात लोकरीची कुसं अडकतात, पडून आहे. मावशीला प्लॅस्टिकची घालून बघायला दिली, तिनं दोन मिनिटांत काढून हातात ठेवली आणि उजव्या हातानं माझ्या दुप्पट वेगानं विणत बसली.