‘तुमच्या मुलीची पेटी कस्टममध्ये अडकली आहे’

माझ्या थोरल्या भावाचे सहा लाखांहून जास्त रुपये गेले. ते कसे गेले, हे मी दादा आणि वहिनीला विचारून, त्यांच्या होकारानंतरच लिहितो आहे. ज्यांची मुलगी, मुलगा किंवा जावई परदेशात आहे त्यांनी हे जरूर वाचावं. सरकारी नोकरीवर बाहेर गेलेल्यांच्या घरच्यांनी तर नक्कीच.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. घरची शेती, मुख्य पीक कापूस. पुतणी भारतीय परराष्ट्र सेवेत निवडली गेली तेव्हा गावात बॅनर लागले, सत्कार झाले. आमच्याकडे कलेक्टर काय करतो, फौजदार काय करतो हे लहान पोरालाही माहीत असतं. परराष्ट्र सेवेतला अधिकारी दिवसभर काय करतो, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. ठगांनी नेमकी हीच जागा धरली.

पुतणीचं लग्न झालं आणि पहिल्याच नेमणुकीवर ती इजिप्तमध्ये, कैरोला गेली. जावई पुण्यातल्या नोकरीतून रजा घेऊन सोबत गेले. सेवेतल्या नव्या अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा शिकावी लागते. तिला अरबी मिळाली. सकाळी वर्ग, मग दूतावासातलं काम, संध्याकाळी गृहपाठ. पुस्तकातली अरबी वेगळी आणि भाजीवाला बोलतो ती वेगळी, त्यामुळे बाजारात भाव करायला जावईच आधी शिकले. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी असते. मग दोघं कधी रेल्वेने अलेक्झांड्रियाला, कधी खान अल-खलीलीच्या जुन्या बाजारात. घरात नीट पोळपाट-लाटणंही नव्हतं, म्हणून वहिनीने बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला बांधून ठेवला होता. कोणी जाणारं भेटलं की पाठवायचा.

फोटो यायचे. वहिनी ते कौतुकाने फेसबुकवर टाकायची. लग्नपत्रिकाही तिथेच होती आणि पत्रिकेवर दादाचा मोबाइल नंबर. एका फोटोखाली जावयांनी लिहिलं होतं, ‘आईंसाठी पितळी दिवा घेतला.’

संक्रांतीनंतर दादाला फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता, आवाज अदबीचा. मी मुंबई कस्टममधून बोलतो, तुमच्या मुलीने कैरोहून ‘डिप्लोमॅटिक’ पेटी पाठवली आहे, त्यात एक पितळी दिवा, कपडे आणि सोनं आहे, सोन्याची ड्युटी भरावी लागेल. दिव्याचा उल्लेख झाला आणि दादाचा विश्वास बसला. कोणाचाही बसला असता. दादाने 28,500 रुपये भरले.

दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, आवाज करडा. पेटीत जाहीर न केलेलं परकीय चलन सापडलं म्हणाला. व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेलं पत्र आलं. मग व्हिडिओ कॉल, मागे तिरंगा, अंगावर गणवेश. आता दंड भरा, नाहीतर मुलीचं निलंबन. वर आणखी एक वार: तुमच्या मुलीने लग्नाआधी सरकारची परवानगी घेतली नव्हती, तीही चौकशी निघेल. नवं लग्न, पहिली नेमणूक, आणि घरी कोणाला काय विचारावं तेही कळेना.

सगळ्यात घातक सूचना शेवटी दिली. मुलीला फोन करू नका, तिचा फोन पाळतीवर आहे, तुम्ही काही बोललात तर देशाच्या गुप्ततेचा भंग होईल आणि दोघंही आत जाल. दुपारी बाराच्या सुमाराला ते दादाला फोनवर धरून ठेवायचे. हिवाळ्यात कैरो आपल्यामागे साडेतीन तास असतं. म्हणजे तिथे सकाळचे साडेआठ, पुतणी वर्गाला निघालेली. तिचा फोन संध्याकाळी यायचा तेव्हा दादा शेतात जातो म्हणून उठून जायचा. वहिनी पदर तोंडाला लावून बसायची. पुतणीला वाटलं, आई-बाबांना आपली आठवण येते आहे.

1 लाख 90 हजार दंड म्हणून गेले. मग 4 लाख अनामत, चौकशी संपली की परत मिळणारी. कापूस नुकताच विकला होता, तो पैसा. बँकेतल्या साहेबांनी दादाला विचारलं होतं, एवढी रक्कम कोणाला पाठवता? ठगांनी उत्तर आधीच पढवलं होतं: मुलीच्या घरासाठी.

मी गेलो तो सहज गेलो होतो. दादा ओट्यावर बसलेला, चहा तसाच गार. खूप विचारल्यावर म्हणाला, “पोरनी नोकरी जाई रे बापू.” मी तिथूनच जावयांना फोन लावला. दोघं अलेक्झांड्रियाच्या गाडीत होते. मी ती पत्रं पाठवली. पुतणीने एका नजरेत दोन गोष्टी दाखवल्या. दूतावासाच्या नावाच्या पत्रावर तारीख शुक्रवारची होती आणि तिच्या कार्यालयाला शुक्रवारी सुट्टी. निलंबनाच्या आदेशावर तिच्या नावाचा निळा पासपोर्ट चिकटवलेला होता. तिचा राजनैतिक पासपोर्ट मरून रंगाचा आहे. पुढे ती रडली, ते लिहीत नाही.

तिने आम्हाला जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. मुत्सद्द्यांना मिळणाऱ्या सवलती 1961 च्या व्हिएन्ना करारातून येतात. त्याच्या 36 व्या कलमाने अधिकाऱ्याच्या घरसामानावर सीमाशुल्क माफ होतं, पण ते ज्या देशात नेमणूक आहे त्या देशात. तिच्या कैरोतल्या सामानासाठी अमळनेरमधल्या बापाकडून ड्युटी मागण्याचा प्रश्नच येत नाही. ‘डिप्लोमॅटिक बॅग’ ही 27 व्या कलमातली गोष्ट. तीत फक्त राजनैतिक कागदपत्रं आणि सरकारी वापराच्या वस्तू जातात, ती उघडायची नाही आणि अडवायचीही नाही. आईसाठीचा दिवा किंवा सोनं तीतून येत नाही. दिवा तेव्हाही तिच्या कैरोच्या घरात खिडकीपाशी होता.

लग्नाच्या परवानगीची धमकी मला सर्वांत नीच वाटते. कारण असा नियम एके काळी खरोखर होता, फक्त बायकांसाठी. लग्न करायचं तर लेखी परवानगी घ्या, आणि लग्नानंतर कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्या. या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा 1949 साली रुजू झाल्या होत्या. बढती नाकारली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असल्या भेदभावावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि परवानगीचा तो नियम सरकारने काढून टाकला. आज परदेशी व्यक्तीशी लग्न करायचं असेल तर परवानगी लागते. पुतणीने धुळ्याच्या मुलाशी लग्न केलं आहे.

कस्टमबद्दलही सांगतो. शुल्क कोणत्याही माणसाच्या बचत खात्यात भरलं जात नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या पत्रांवर 2019 पासून एक ओळख क्रमांक असतो, त्याला डिन म्हणतात. तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून पत्र खरं की खोटं ते तपासता येतं. दादाच्या पत्रांवर तो नव्हता. आणि व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होते, असा कायदा आपल्या देशात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं.

गावात काही जण म्हणाले, शिकलेली पोर आणि बाप असा कसा फसला? मला या बोलण्याचा राग येतो. दादा लोभाने फसला नाही, कोणी त्याला दुप्पट पैशांचं आमिष दाखवलं नव्हतं. लेकीच्या संसाराच्या आणि नोकरीच्या काळजीने त्याने पैसे दिले. गुन्हा ठगाचा आहे. असं बोलणाऱ्यांमुळेच पुढचा फसलेला माणूस गप्प बसतो, आणि या प्रकारात गप्प बसणं फार महाग पडतं.

आम्ही त्याच संध्याकाळी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार घेणाऱ्याने पहिल्यांदा व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि कोणत्या खात्यात पैसे गेले ते विचारलं, म्हणून पासबुक आणि बँकेचे मेसेज हाताशी ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी कळवलं, जळगावच्या सायबर पोलिसांकडे गेलो. चॅट, पत्रं, नंबर काहीही पुसलं नाही. नुसता संशयास्पद फोन आला आणि पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीवर तो नंबर कळवता येतो.

शेवटच्या 4 लाखांपैकी काही रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवली गेली. आधीचे पैसे एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन निघून गेले होते. गोठवलेली रक्कम परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. वहिनीने पत्रिकेचा फोटो काढून टाकला आणि खातं फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवलं. पुतणीने तिच्या घराचा पत्ता, दूतावासाचा नंबर, सुट्टीचे वार आणि वर्गाच्या वेळा कागदावर लिहून पाठवल्या. तो कागद आता दादाच्या फोनच्या कव्हरमध्ये असतो.